पाण्यावरचं नाव

१

लाझिमने आपल्याच घराच्या पायऱ्यांवर प्राण सोडला.

सांजेची बांग नुकती संपत आली होती. चुलीवर भात रटरटत होता. त्याची बायको मेलोर, सातवा महिना लागलेली, दिवा घेऊन बाहेर आली तर खालच्या पायरीवर हा पडलेला. कमरेपर्यंत चिखल, छाती रक्ताने भरलेली. शेजारची काक लिमा, म्हणजे लिमाताई, हाक ऐकून धावत आली, तोवर श्वास तुटायला लागला होता. तिच्या कानावर पडलं ते एवढंच, "तोक... तोकला... नका..."

मधलं मेलोरने सांगितलं. "म्हणाले, तोकला काही करू नका."

बाकाउ नदीच्या काठावर तोक म्हणजे आजोबा. पण ते काठावर. होडीत पाऊल पडलं की तोक म्हणजे मगर. पाण्यावर तिचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की ती ओ देते. आणि दोन तोकांचा घोटाळा नको म्हणून खऱ्या आजोबांना पाण्यावर त्यांच्या नावाने हाक मारायची, अगदी शेंबड्या पोरानेसुद्धा. पोरांना त्याची कोण मजा! काठावर मान खाली घालून 'तोक' म्हणणारी कार्टी होडी सुटली रे सुटली की "ए मनाफ, डावीकडे घे!" म्हणून बोंबलायची. आणि जन्मभर या गावाला नदी पार करवणारा म्हातारा मनाफ गालातल्या गालात हसत डावीकडे घ्यायचा.

लाझिमला याच मनाफने वाढवलं होतं. पटकीच्या साथीत आईबाप गेले तेव्हा पोर होडीत झोपलेलं सापडलं, ते म्हाताऱ्याने घरी आणलं. पुढे शेजारच्या गावची मेलोर बघून त्याचं लग्नही लावून दिलं.

गावाने निकाल देऊन टाकला: मगर. गेल्याच आठवड्यात तिने पेंगुलूची, म्हणजे गावच्या मुखियाची, शेळी नेली होती. आणि काय ते पोराचं मन! मरतानाही म्हणाला, तिला मारू नका. बायाबापड्यांनी डोळे पुसले.

डोळे पुसले नाहीत ते चे रेजबने. जकात नाक्याचा तो मुख्य, म्हणून नावामागे मानाचं 'चे'. बाकाउचा वरचा, म्हणजे या गावाचा, काठ सुलतानाचा. तिथे काडेपेटीपासून कापडापर्यंत साऱ्यावर जकात. खालचा काठ पेनांग बंदराच्या इंग्रज सरकारचा. तिथे कशावर काही नाही. मध्ये नदी, हाक पोचेल एवढी. त्यामुळे वरच्या काठावर धंदे दोनच, चोरटा माल आणणं आणि तो पकडणं, आणि कित्येक घरांत दोन्ही सुखाने नांदत. लाझिम रेजबचा शिपाई होता. त्या संध्याकाळी तो नाक्याच्या लाँचवर असायला हवा होता. ऐन वेळी म्हणाला, "चे, पोटात कळ येते," आणि धक्क्यावर उतरला.

कळ आलेला माणूस घरी जाऊन पडतो. कमरेभर चिखलात कशाला जातो?

दुसऱ्या दिवशी दफनाआधी दवाखान्याचा ड्रेसर, मलमपट्टी करणारा, जखम बघून गेला आणि जाताना रेजबच्या कानाशी लागला. "भोक एकच आहे. मगरीला एकच दात असतो होय? हे लोखंडाचं काम."

दुपारपर्यंत बातमी आली. खालच्या काठावरच्या पोलिसांनी आ कियाट नावाच्या चिनी नावाड्याला धरलं होतं. होडीत रक्ताने माखलेला लोखंडी आकडा. लाझिमने त्याचा माल दोनदा पकडलेला, हे साऱ्या नदीला ठाऊक. गुरुवारी खालचा इंग्रज मॅजिस्ट्रेट त्याला वरच्या काठाच्या हवाली करणार, आणि शिपाई मारणाऱ्याला वरच्या काठावर काय मिळतं हे कुणी विचारायची गरज नव्हती.

आ कियाट एकच म्हणत होता. बोलेन तर चे रेजबशी.

२

"या तुआन, बसा. खुर्ची नाही, पण भिंत सरकारी आहे. टेकून बघा, गार लागते."

"कियाट, गळ्याशी आलंय. थट्टा पुरे."

"गळ्याशी आलंय म्हणून तर. उद्या करायला गळा कुठे असणार?" खालच्या काठावरच्या कोठडीतला काटकुळा माणूस उकिडवा बसला. "ते रक्त डुकराचं आहे. सकाळी डुक्कर पोचवलं खाटकाकडे. मी ओरडून सांगतोय, आणि इथला तो हवालदार म्हणतो, डुकराचं असेल तर मी आकड्याला हात लावणार नाही. मुसलमान ना बिचारा. म्हणून मग माणसाचं ठरवलं आणि हातात धरला!"

रेजबला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. "सांजेला कुठे होतास?"

"झोपलो होतो."

"कुठे?"

"झोपेत कुठे ते कळतं का?"

"मग मी निघतो."

तो उठला तसा कियाटने खाली मान घातली. "निपाच्या झाडीत होतो. लाझिमच्या पायऱ्यांपुढच्या ओढ्याच्या तोंडाशी, अलीकडच्या अंगाला. होडीत माल होता. कुणाचा ते विचारू नका, तुमच्या गावात त्याला सलाम करावा लागतो तुम्हाला. लाँच येऊन पुढे जायची वाट बघत होतो. मी तिथे होतो हे इथे सांगितलं तर आकडा पक्का माझा. नाही सांगितलं तरी माझाच. असा आहे हिशेब."

"काय पाहिलंस?"

"पाहिलं काही नाही, झावळ्या होत्या. ऐकलं. लाझिमचा आवाज. 'तोक!' म्हणून."

"म्हणजे मगर."

आ कियाटने मान हलवली. मग म्हणाला, "मी या नदीत जन्मलो, तुआन. मगर दिसली की माणूस तोडून ओरडतो. 'तोक!' की लगेच वल्हं. याने लांबवलं. 'तोऽऽक' असं. शेवट वर नेऊन. आपल्याकडे कुणाला जेवायला हाक मारतात ना, तसं."

"आणि मग?"

"मग पाण्यात काहीतरी धपकन पडलं. आणि मग काही नाही." त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली. "तेच तर सांगतोय मी. मगरीने धरलेल्या माणसाचं ओरडणं दोन्ही काठांना ऐकू जातं. हा त्यानंतर एकदाही ओरडला नाही."

३

परतताना होडीत रेजब मनाशी एकच घोळवत होता. लाझिम पायऱ्यांवर मेला. पायऱ्या काठावर. आणि काठावर मगरीला मगरच म्हणतात, खुशाल, चारचौघांत. मरताना तो 'तोक' म्हणाला.

मग कुठला तोक?

गावात आणखी एकाला तोक म्हणत, तो तोक पेंगुलू बहारोम. पोट पुढे, मिशा त्याच्याही पुढे. आदल्या महिन्यात लाझिमने त्याच्या काडेपेट्या नदीत बुडवल्या होत्या. रेजब त्याच्या ओट्यावर टेकला.

"मगर!" पेंगुलूने आधीच सांगून टाकलं. "तेच लिही आणि मोकळा हो. पकडणारा बोलावलाय, आमिष लावलंय. गाव शांत आहे, तू का ढवळतोस?"

"लाझिमवर तुमचा राग होता, तोक."

"होता ना! अजून आहे. पण काडेपेट्यांसाठी माणूस मारीन मी?" त्याने सुपारी कातरली. "कापड असतं तर गोष्ट निराळी. हसू नकोस. बांगेच्या आधीपासून मी मशिदीत पहिल्या रांगेत होतो, आणि माझ्या मागे कोण खोकत होतं? तू. तुझ्या खोकल्याने माझं लक्ष नमाजात लागेना. आता माझ्याच साक्षीदाराने माझ्यावर आळ घ्यावा म्हणजे कमाल झाली."

ते खरं होतं. रेजब खोकला होता.

"मग मगरीची एवढी घाई का?"

पेंगुलूचा आवाज खाली आला. "कारण त्या झाडीत कियाटच्या होडीत काय होतं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. झालं समाधान? माझ्या चोरीची शिक्षा मला दे, रेजब. त्या पोराच्या मरणाची नको."

तेवढ्यात नदीकडून आरोळी उठली. मगर सापडली होती.

लोकांनी तिला दोराने ओढून चिखलातून वर घेतलं तेव्हा ती मेली होती. जुनी, शेवाळलेली, होडीएवढी. लोक दूर उभे राहिले. एकटा मनाफ पुढे झाला. त्याच्या डोळ्यांत केव्हापासून भाताच्या पेजेसारखं काहीतरी साचत आलं होतं. माणूस तो खोकल्यावरून ओळखायचा आणि सकाळ पाखरांवरून. तो मगरीजवळ गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तिला चाचपू लागला, डोक्यापासून. मान, खांदे, काख, पोट. खवल्यांच्या फटीफटीतून बोटं फिरवत.

"काय शोधताय, तोक?" रेजबने विचारलं.

"माझा भाला." म्हाताऱ्याने हात थांबवले नाहीत. "रेजब ना तू? माझा भाला लागलाय हिला. फाळ अंगातच राहिलाय. मी ओढ्याच्या तोंडाशी होतो, जाळं टाकायला गेलो होतो. लाझिमने हाक दिली. तोक! मला सावध केलं पोराने. समोर पाण्यापेक्षा काळं काहीतरी होतं. मी टाकला. आणि बसला रे, दोरीला हिसका आला! मग दोरी एकदम सैल झाली. तुटली. मी म्हटलं, गेली पळून. अल्लाचे आभार मानत घरी आलो तर..." त्याचे हात शेपटीशी पोचले होते. "मला वाचवलं त्याने. मला हाक दिली आणि स्वतः धरला गेला."

मगरीचं कातडं अखंड होतं.

म्हाताऱ्याचा हात शेपटीवरच राहिला.

"ही नव्हे," तो शेवटी म्हणाला. "दुसरी असेल."

४

दुसऱ्या सकाळी रेजब मनाफच्या घरी गेला. त्याला जायचं नव्हतं. पाय जडावलेल्या माणसाला रस्त्यात ओळखीचे फार भेटतात, तसे तेही भेटले. सगळ्यांशी तो थांबून बोलला.

पायऱ्यांशी मोठा रांजण असतो, घरोघर. पाहुण्याने करवंटीने पाणी घ्यायचं, पाय धुवायचे आणि वर जायचं. रेजब रांजणाकडे वळला तर त्यावर फळी, फळीवर दगड, आणि करवंटी नाही.

"थांबा चे, थांबा!" मेलोर आतून तांब्या घेऊन आली. पोट सावरत, धापा टाकत एकेक पायरी उतरली. "हे घ्या पाणी. रांजणात... रांजणात बेडूक मेलाय."

"मग रांजण ओतून टाकायचा ना. कुणाला तरी सांगतो."

"नको!" ती म्हणाली. आणि मग हळू, "मी करीन."

मनाफ ओसरीवर होता. त्याने रेजबला चहा ओतून दिला, पेल्यात बोट धरून, चहा बोटाला लागेपर्यंत. चहा गोड होता. घरात कुणी मेलं की लोक साखर फार घालतात.

"आ कियाटला उद्या सोपवणार म्हणे," मनाफ म्हणाला. "त्याने केलं नाही ते. मी सांगतो ना! मी तिथे होतो. मला घेऊन चल साहेबापुढे. मगर होती."

"साहेब म्हणतो, जखम लोखंडाची आहे."

"साहेबाला काय कळतंय नदीतलं?" म्हातारा जरा थांबला. "लोखंडाची?"

"ड्रेसर म्हणतो तसं."

मेलोरच्या हातातली थाळी भिंतीवर आपटली. तिने ती उचलली आणि आत गेली.

"तुमची होडी बघू का, तोक?"

"बघ की. चोरीचं काही नाही तिच्यात," असं मनाफ म्हणाला खरं, पण जरा जास्तच लवकर.

होडी ओढ्यात बांधलेली होती. जाळं कुंपणावर वाळत टाकलेलं. कोरडं ठाक, गाठींत कोळ्यांनी घरं केलेली. त्या जाळ्याने कित्येक आठवड्यांत पाणी पाहिलं नव्हतं. रेजबने होडीची फळी उचलली. खाली बोचकं, आणि त्यात नवी कोरी कापडं. लाल, हळदी, हिरवं, जांभळं, वेगवेगळ्या रंगांची, एकूण सात. कशावरही जकातीचा शिक्का नाही.

सातव्या महिन्यात सुईण गरोदर बाईच्या कमरेखाली सात रंगांची कापडं पसरते आणि एकेक हलकेच हलवून पोटातल्या बाळाला झुलवते. त्याशिवाय बाळ नीट फिरत नाही म्हणतात. खालच्या काठावर कापड निम्म्याने स्वस्त. आणि या घरातला मुलगा जकातीचा शिपाई. त्याला कळू न देता म्हातारा एकटाच वल्हवत गेला होता.

रेजबने बोचकं होतं तसं ठेवून दिलं. त्याच्या नोकरीत हे पहिल्यांदा घडत होतं, पण तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो भाल्याची दोरी बघत होता. भाला असा, की फाळ अंगात रुतला की काठी सुटते आणि फाळ दोरीला राहतो. दोरीचं एक अंग होडीला गाठ मारलेलं होतं. दुसरं, जे मगरीने तोडलं, ते त्याने बोटांत धरलं.

तुटलेली दोरी पिंजारते. ही पिंजारली नव्हती. सरळ, एका फटक्यात कापलेली.

लाझिमच्या कमरेचं म्यान रिकामं होतं. दफनाआधी रेजबने ते पाहिलं होतं आणि सुरी चिखलात पडली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मगरीच्या पंज्यात सुरी नसते.

५

म्हातारा दुपारी झोपल्यावर रेजब पायऱ्यांवर येऊन बसला. मेलोर एक पायरी वर बसली. दोघांच्या मध्ये रांजण.

"मी बोलतो," तो म्हणाला. "चुकलं तर सांग. नाही चुकलं तर सांगू नकोस, नुसती बस."

ती बसून राहिली.

"लाँच त्या सांजेला ओढ्याच्या तोंडाशी उभी राहणार होती. पेंगुलूच्या मालासाठी, मीच धाडली होती. लाझिमला ठाऊक होतं. आणि तोक दुपारीच पलीकडे गेलेत, कशाला गेलेत, हेही त्याला ठाऊक होतं. म्हातारा समजत होता, पोराला पत्ता नाही."

"हे येऊन मला सांगून गेले," मेलोर म्हणाली. "हसत होते. म्हणाले, तोकला वाटतं मी आंधळा आहे."

"कळ आली म्हणून तो उतरला आणि निपात शिरला. कमरेभर पाण्यात, पण पाय चिखलावर. त्याच्या लेखी तो काठावरच होता, आणि काठावर म्हाताऱ्याला काय म्हणायचं? पोरपणापासून म्हणत आला तेच. होडी दिसल्याबरोबर त्याने हाक मारली. तोऽऽक, मागे फिरा. पण मनाफ पाण्यावर होता. पाण्यावर त्याला मनाफ म्हणतात. पाण्यावर 'तोक' म्हणजे एकच. आणि समोर काळं डोकं."

वाऱ्याने निपाच्या झावळ्या सळसळल्या. मेलोरने पदर तोंडाशी धरला.

"लागल्यावर तो ओरडला नाही. हे मला कालपर्यंत कळेना. फाळ अंगात, दोरी म्हाताऱ्याच्या हातात. तो आता ओढणार, होडीशी आणणार, आणि हाताने चाचपणार की काय मारलं आपण. म्हणून लाझिमने सुरी काढली आणि दोरी कापली. आणि आवाज न करता, चिखलातून, इथवर आला."



"शब्द मी बदलला," मेलोर म्हणाली. "म्हणाले होते, तोकला सांगू नका. काक लिमाने अर्धंच ऐकलं. मगरीला कोण काय सांगणार? म्हणून मी 'करू नका' म्हटलं." तिने रांजणाकडे पाहिलं. "फाळ काढ म्हणाले. तोक येतील, त्यांना दिसता कामा नये म्हणाले. आकडे होते त्याला, चे. निघत नव्हता. मी पाय लावून ओढला. मग रक्त आलं ते थांबेना. मी ओढला म्हणून गेले का हो? नसता ओढला तर?"

रेजबला माहीत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तो गेलाच होता."

त्याने फळीवरचा दगड बाजूला केला, बाही सरसावली आणि रांजणात हात घातला. पार तळाशी.

"उद्या कियाट जाईल," तो ओल्या हातातला फाळ बघत म्हणाला. "त्याला घरी पोरं आहेत. हे साहेबापुढे ठेवावंच लागेल."

"मग तोक मरतील."

"तोक आपली साक्ष आपणच देतील," रेजब म्हणाला. "जशी त्यांना वाटते तशी."

६

कोर्टाचा दुभाषी पेनांगचा, शहरी. म्हाताऱ्याची नदीवरची बोली त्याला झेपेना, तेव्हा मी सांगतो म्हणून रेजबने हात वर केला. खोलीत मॅजिस्ट्रेट, इन्स्पेक्टर, बेडीतला कियाट आणि काठीवर हात ठेवून उभा मनाफ. धुतलेला सदरा, डोक्यावर काळी टोपी.

"काय घडलं ते सांगा म्हणतात, तोक."

"सांग साहेबाला, या चिन्याला सोडा. मी होडीत होतो. माझ्या पोराने हाक दिली, तोक! मी तोकवर भाला टाकला. लागला. दोरी तुटली."

रेजबने इंग्रजीत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द जोखून. "त्याच्या मुलाने त्याला हाक मारली, साहेब. आजोबा म्हणून. होडीतल्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ मगर असा होतो. त्याने मगर समजून भाला टाकला. पाण्यात मगर नव्हती."

साहेबाची लेखणी थांबली. रेजबने दोरी पुढे ठेवली. कुणी कापली आणि का, ते सांगितलं. मग फडक्यात गुंडाळलेला फाळ. साहेबाने फडकं उलगडलं, पाहिलं, आणि फाळ टेबलावर ठेवला. लोखंड लाकडावर वाजलं.

मनाफने मान जराशी वळवली, आवाजाच्या दिशेला.

"याला ठाऊक आहे?" साहेबाने विचारलं.

"नाही, साहेब."

"होडीत काय होतं?"

"काय विचारतायत?" मनाफ म्हणाला.

"होडीत काय होतं, तोक?"

म्हातारा कानकोंडा झाला. "सांग... कापडं होती. सुनेच्या सातव्या महिन्याची. जकात चुकवली म्हणून काय दंड असेल तो मी भरीन म्हणावं."

"तो म्हणतो, येणाऱ्या बाळासाठी कापडं होती. जकात चुकवल्याचा गुन्हा कबूल करतो."

"या काठावर तो गुन्हा नाही," साहेब म्हणाला. तो खिडकीबाहेर नदीकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताने लिहू लागला. इन्स्पेक्टर काही बोलायला गेला, त्याला हाताने थांबवलं. "अपघात. चिन्याला सोडा. आणि त्याला सांगा, आम्ही आभारी आहोत."

"काय म्हणाला?" मनाफने विचारलं.

"तुमचं म्हणणं पटलं म्हणतो."

"हं," म्हातारा म्हणाला.

७

आ कियाटनेच त्यांना परत नेलं. आकडा त्याला मिळाला होता. तो त्याने होडीत एका कोपऱ्यात, जणू दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ठेवला. निम्म्या नदीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण हाक त्याने कानांनी ऐकली होती आणि मूर्ख तो नव्हता.

"मनाफ, पाय आत घ्या," रेजब म्हणाला. "लाट येतेय."

मनाफने पाय आत घेतले. मध्येच म्हणाला, "कियाट, मगरीला भाला लागला की काय होतं?"

कियाटचं वल्हं चुकलं. भर पाण्यावर म्हाताऱ्याने तिचं नाव घेतलं होतं.

"नाव घेऊ नका, मनाफ," तो पुटपुटला.

"मगर," म्हातारा पुन्हा म्हणाला. "येऊ दे, ओ देऊ दे तिला. जन्मभर पाहिल्यात मी. मगरीला भाला लागला की हाताला दगड लागतो. खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात." तो आपला उजवा तळवा उघडून, दिसत नसताना, बघत राहिला. "त्या दिवशी दगड लागलाच नाही. मऊ गेला."

होडी चिखलाला टेकली. भरतीची वेळ होती; पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो ते सांगता येत नव्हतं. रेजबने खाली उतरून हात दिला.

"सावकाश, तोक."

म्हाताऱ्याने एक पाय चिखलात ठेवला होता, एक अजून होडीत होता. तो तसाच थांबला.

"काठावरही आता मनाफच म्हण," तो म्हणाला.

वर पायऱ्यांशी मेलोर उभी होती. रांजणावरची फळी तिने काढली होती. बाजूच्या दोरीवर लाल, हळदी, हिरवी अशी सातही कापडं वाळत घातलेली. पहिल्या धुण्यात रंग फार जातो. तिने करवंटी भरून घेतली आणि हाक मारली, "तोक, या. पाय धुवा."

मनाफ रेजबचा हात धरून चालू लागला.

"तिलाही सांग," तो म्हणाला. "आणि जे येईल त्यालाही हेच नाव शिकव म्हणावं. बोलायला लागल्यापासून."

तो खालच्या पायरीशी आला. आधी त्याने पायरी हाताने चाचपली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मगर चाचपली होती तशी. मग तिच्यावर बसला आणि पाय पुढे केले. मेलोर त्यावर पाणी ओतत राहिली. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती ओतत राहिली, आणि त्यानेही ते मागे घेतले नाहीत.